लाइल थॉम्पसन कोणाकडून खेळतो

लॅक्रॉस हा खेळ आपल्याकडे जवळपास कोणालाच माहीत नाही, त्यामुळे लाइल थॉम्पसनचं नाव काढलं की समोरचा "हा कोण?" म्हणतो आणि मी सुरू होते. आमच्या ओळखीतल्या सगळ्यांचं ऐकून झालंय. आता लिहूनच काढते, कारण हा माणूस गेली काही वर्षं माझ्या डोक्यातून जातच नाहीये आणि त्याच्याबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात एकतर गोलांचे आकडे असतात नाहीतर त्याच्या वेणीचे फोटो.

आधी खेळ काय आहे ते सांगते. एक लांब काठी, तिच्या टोकाला जाळीची छोटी झोळी, आणि रबराचा टणक चेंडू, साधारण टेनिसच्या चेंडूएवढा पण भरीव, लागला तर दिवसभर वळ राहतो असा. चेंडूला हात लावायचा नाही, झोळीत झेलायचा, झोळीत घेऊन पळायचा, झोळीतूनच पास द्यायचा आणि गोलमध्ये मारायचा. मैदानावर खेळतात ते फील्ड लॅक्रॉस, दहा-दहा जणांचं, ११० यार्ड लांब ग्राउंडवर. आणि दुसरं बॉक्स लॅक्रॉस, ते कॅनडातलं, १९३० च्या दशकात आइस हॉकीच्या रिकाम्या रिंकमध्ये उन्हाळ्यात खेळायला लागले त्यातून आलेलं. त्यात गोलकीपर सोडून पाच-पाच जण, चारी बाजूंनी फळ्या आणि काचा, चेंडू फळीवर आपटून परत येतो त्यामुळे खेळ थांबतच नाही, आणि तीस सेकंदांत गोलवर शॉट मारायचाच. धक्काबुक्की भरपूर. मला स्वतःला बॉक्स जास्त आवडतं, बसल्या जागेवरून चेहरे दिसतात म्हणून.

आम्ही अटलांटाच्या उत्तरेला सुवानीत राहतो. इकडे सुवानी, जॉन्स क्रीक, डुलुथ, कमिंग ह्या पट्ट्यात आपले लोक इतके आहेत की शाळेच्या पार्किंगमध्ये मराठी ऐकू आलं तर मागे वळूनही कोणी बघत नाही. डुलुथला एक मोठं अरीना आहे, पूर्वी त्याचं नाव इन्फिनिट एनर्जी होतं आता गॅस साउथ आहे, तिथे गाण्यांचे कार्यक्रम होतात, ग्रॅज्युएशनं होतात आणि डिसेंबरनंतर वीकेंडला जॉर्जिया स्वॉर्मच्या मॅचेस होतात. स्वॉर्म म्हणजे नॅशनल लॅक्रॉस लीगमधली, एनएलएलमधली टीम, २०१५ ला मिनेसोटाहून इथे आली. आणि आल्या आल्या त्यांनी ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम आळीपाळीने नवीन खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या नंबरला जो मुलगा उचलला तो लाइल थॉम्पसन.

मला हे सगळं कळलं ते माझ्या मुलामुळे. मिडल स्कूलमध्ये मित्र खेळतात म्हणून तोही खेळायला लागला. पहिल्यांदा आम्हाला वाटलं एक सीझन खेळेल आणि सोडेल. पण ह्या खेळाची गंमत अशी आहे की मैदानापेक्षा घरीच जास्त खेळला जातो. वॉल बॉल म्हणतात त्याला, भिंतीवर चेंडू मारायचा आणि झेलायचा, उजव्या हाताने, डाव्या हाताने, पाठीमागून, एका हाताने. आमच्या गॅरेजच्या मागची भिंत त्याने सोलून काढलीये. आणि काठीची झोळी विणणं हा तर वेगळाच उद्योग. जाळी विकत मिळते, पण ती डोक्याला, म्हणजे काठीच्या प्लॅस्टिकच्या टोकाला, स्वतः बांधावी लागते, बाजूच्या दोऱ्या भोकाभोकांतून ओवत, गाठी मारत. वरच्या बाजूला आडव्या दोऱ्या असतात त्या जरा घट्ट झाल्या की चेंडू सुटताना खाली जातो, सैल झाल्या की वर उडतो. झोळी फार खोल झाली तर रेफरी काठी बाद करतो, चेंडू टाकून बाजूने बघतात, त्याची वरची कड कडेच्या पट्टीच्या खाली गेली की संपलं. आमच्या डायनिंग टेबलावर दिवे लावून हे चालू असतं रात्री उशिरापर्यंत, होमवर्क बाजूला. मला सुरुवातीला राग यायचा, नंतर मी शेजारी बसून बघायला लागले. इतकं मन लावून तो दुसरं काही करत नाही.

तर त्याच्यासाठी म्हणून आम्ही डुलुथला मॅच बघायला गेलो. माझे सासरे, अण्णा, तेव्हा सांगलीहून आलेले होते, तेही आले. एनएलएलच्या मॅचमध्ये खेळ चालू असताना सुद्धा गाणी मोठ्याने लावतात, अण्णांना वाटलं मध्यंतर आहे. चार नंबरचा जर्सी घातलेला, हेल्मेटखालून कमरेपर्यंत काळी वेणी आलेला, अंगाने फार मोठा नसलेला एक खेळाडू होता. बाकीचे जोर लावून खेळत होते, हा जणू रस्ता ओलांडत असल्यासारखा मध्येच थांबायचा, वाट बघायचा. मग एकदा दोन डिफेंडर त्याच्या अंगावर, दंडावर सटासट काठ्या पडतायत, गोलकडे त्याची पाठ, आणि त्याने काठी डोक्यावरून मागे नेली आणि न बघता चेंडू सोडला. गोलकीपर तिकडे इतके जाडजूड पॅड घालतो की गोल जवळजवळ भरून जातो, वरच्या कोपऱ्यात जेमतेम चेंडूएवढी फट राहते. चेंडू त्या फटीतून आत. अण्णा उठून उभे राहिले. आयुष्यभर कुस्त्यांचे फड बघितलेला माणूस, त्यांना खेळ कळायला नियम लागत नाहीत. "हा पोरगा वेगळाय," म्हणाले.

घरी येताना गाडीत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पण ह्याच्या पोटापाण्याचं काय?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मग मी शोधायला लागले.

लाइल ऑनोंडागा नेशनचा, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी एका राष्ट्राचा. न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूजच्या दक्षिणेला त्यांची जमीन आहे. ऑनोंडागा, मोहॉक, ओनायडा, कयूगा, सेनेका आणि नंतर १७२२ ला सामील झालेले टस्करोरा अशा सहा राष्ट्रांचा मिळून एक जुना संघ आहे, हॉडेनोशॉनी. इंग्रजांनी फ्रेंचांनी त्यांना इरोक्वॉय म्हटलं, अजूनही बरेच लोक म्हणतात. अमेरिका आणि कॅनडा ह्या दोन देशांची सीमा त्यांच्या प्रदेशातून नंतर ओढली गेली. लॅक्रॉस त्यांचा. म्हणजे "त्यांच्याकडे पण खेळतात" असं नाही, खेळ तिथून आलाय, फ्रेंच मिशनऱ्यांनी सतराव्या शतकात पाहिला आणि लिहून ठेवला, पुढे एकोणिसाव्या शतकात माँट्रियलच्या एका दातांच्या डॉक्टरने, विल्यम जॉर्ज बीअर्सने, त्याला लिखित नियम दिले आणि मग ज्यांचा खेळ होता त्यांनाच पैसे घेऊन खेळतात म्हणून हौशी स्पर्धांतून बाहेर ठेवलं गेलं. १८८० पासून. हे वाचून मला किती तरी वेळ पुढे वाचवेना.

थॉम्पसन घरात चार भाऊ, जेरेमी, जेरोम, माइल्स आणि सगळ्यात धाकटा लाइल, १९९२ चा. चौघंही पुढे प्रोफेशनल झाले. माइल्स आणि लाइल, आणि त्यांचा चुलतभाऊ टाय, तिघं अल्बनीच्या युनिव्हर्सिटीत एकत्र खेळले. अल्बनी काही लॅक्रॉसमधलं मोठं नाव नव्हतं, मोठी नावं म्हणजे सिरॅक्यूज, जॉन्स हॉपकिन्स, व्हर्जिनिया वगैरे. तिथे ह्या तिघांनी एकमेकांना न बघता पास द्यायला सुरुवात केली आणि २०१४ च्या सीझनमध्ये लाइलने ५१ गोल आणि ७७ असिस्ट, एकूण १२८ पॉइंट केले. आधीचा विक्रम ११४ चा होता, १९९२ चा, म्हणजे लाइल जन्मला त्या वर्षीचा. माइल्सचे त्याच सीझनला ११९ झाले, म्हणजे तोही जुन्या विक्रमाच्या पुढे गेला. मला ह्यातले ७७ असिस्ट जास्त महत्त्वाचे वाटतात. इतका गोल मारू शकणारा मुलगा आणि त्याने स्वतः मारण्यापेक्षा दुसऱ्याला जास्त मारायला दिले.

कॉलेज लॅक्रॉसमधला सगळ्यात मोठा पुरस्कार म्हणजे टेवारटन. नाव मोहॉक भाषेतलं, ट्रॉफी म्हणजे ब्राँझचा पुतळा, तोही मोहॉक खेळाडूचा. २००१ पासून देतात. आणि तो पहिल्यांदा नेटिव्ह, म्हणजे मूळ रहिवासी मुलाला मिळाला २०१४ ला, लाइल आणि माइल्स दोघांना मिळून, वाटून. पुढच्या वर्षी परत लाइलला. चार वर्षांत त्याचे ४०० पॉइंट झाले, तोपर्यंत इतके कोणाचेच नव्हते. आणि कॉलेज संपायच्या आत तो बापही झाला होता, हे सगळं घर सांभाळत चाललं होतं.

मग प्रोफेशनल. एनएलएलमध्ये पहिल्या नंबरला जॉर्जिया, मेजर लीग लॅक्रॉस म्हणून फील्डची लीग होती त्यात पहिल्या नंबरला फ्लोरिडा लाँच. दोन्हीकडे पहिला. आपल्याकडे क्रिकेटमध्ये असं कोणाचं झालं असतं तर सात पिढ्यांची सोय झाली असती. इथे काय झालं?

इथे असं आहे की लॅक्रॉसमध्ये "प्रोफेशनल" म्हणजे शनिवार-रविवार. एनएलएलचे बहुतेक खेळाडू आठवडाभर नोकरी करतात, कोणी शाळेत शिकवतं, कोणी फायर ब्रिगेडमध्ये आहे, कोणी पोलिसात, कोणी सुतारकाम करतं. शुक्रवारी विमानात बसायचं, संध्याकाळी टीमबरोबर सराव, शनिवारी रात्री मॅच, रविवारी परत घरी आणि सोमवारी सकाळी कामावर, बरगड्यांवर काळेनिळे डाग घेऊन. टीम वेगळ्याच शहरात, घर वेगळ्याच. लाइल सुद्धा न्यूयॉर्कहून उडून जॉर्जियाला येत राहिला. पॉल रेबिल म्हणून एक खेळाडू होता, ताशी १११ मैल वेगाचा शॉट मारलेला, जॉन्स हॉपकिन्सचा, २००८ ला मेजर लीगच्या ड्राफ्टमध्ये पहिला. त्याचा पहिल्या सीझनचा पगार ६,००० डॉलर होता. एवढ्यात इथे अपार्टमेंटचं काही महिन्यांचं भाडं होतं, बस. त्याने पुढे स्पॉन्सर मिळवून, व्हिडिओ करून स्वतःचं नाव मोठं केलं आणि मग भावाबरोबर २०१८ ला नवीन लीग काढली, प्रीमियर लॅक्रॉस लीग, पीएलएल. तिथे सुरुवातीला सरासरी पगार साधारण ३५,००० डॉलर आणि हेल्थ इन्शुरन्स, शिवाय खेळाडूंना लीगमध्ये थोडा हिस्सा. २०१९ च्या उन्हाळ्यात सुरू झाली, पहिल्यांदा टीमना गावंच नव्हती, सगळी सर्कस एकत्र दर आठवड्याला नवीन शहरात जायची. २०२० च्या शेवटी मेजर लीग त्यात विलीन झाली.

लाइल शेवटपर्यंत मेजर लीगमध्ये होता, २०१९ ला चेसापीक बेहॉक्सकडून जिंकला, फायनलचा मानकरी तोच. मग २०२१ पासून कॅनन्सकडून पीएलएलमध्ये. हिवाळ्यात बॉक्स, उन्हाळ्यात फील्ड, मध्ये राष्ट्रीय संघ, आणि मधल्या मधल्या वीकेंडला चारी भावांचे कॅम्प, रिझर्वेशनांवरच्या, म्हणजे मूळ रहिवाशांच्या राखीव जमिनींवरच्या पोरांसाठी. नायकेसारख्या कंपनीचं पाठबळ मिळालं म्हणून त्याला बाकीच्यांसारखी सोमवारची नोकरी धरावी लागली नाही, पण विश्रांतीचा महिना असा त्याच्या वर्षात नाही. दोन्ही लीगमधली जगातली सगळ्यात मोठी गुणवत्ता आणि एवढं करून उत्पन्न इथल्या बऱ्यापैकी आयटीवाल्याच्या आसपास असेल नसेल, हा माझा अंदाज. अण्णांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग खेळतो कशासाठी?"

ह्याचं उत्तर मला सापडलं असं मी म्हणणार नाही, ते त्याचं त्याला माहीत. पण हॉडेनोशॉनी लोक ह्या खेळाबद्दल जाहीरपणे जे सांगतात ते ऐकलं की बरंच उलगडतं. त्यांच्या सांगण्यानुसार हा खेळ निर्मात्याने दिलाय, त्याच्या करमणुकीसाठी खेळायचा. माणसं जन्मायच्या आधी प्राणी आणि पक्षी हा खेळ खेळले अशी कथा आहे. आणि हा औषधाचा खेळ आहे. गावात कोणी आजारी असेल, मन खचलेलं असेल तर त्या माणसासाठी खेळ मांडतात, लाकडी काठ्या आणि हरणाच्या कातड्याचा चेंडू घेऊन, त्यात म्हातारे आणि पोरं एकत्र, कोण जिंकलं ह्याला अर्थ नसतो. मुलगा जन्मला की पाळण्यात छोटी काठी ठेवतात. माणूस गेला की त्याच्याबरोबर काठी पुरतात, पलीकडे जाऊन खेळायचंय म्हणून. ह्यातल्या औषधाच्या खेळात आणि लाकडी काठीला बायकांनी हात लावायचा नाही अशी रीत आहे, ती मला खटकते, मी आई आहे आणि आमच्या शेजारची मुलगी माझ्या मुलापेक्षा छान खेळते. पण हॉडेनोशॉनींचा बायकांचा राष्ट्रीय संघ आज जगभर खेळतो, त्याच झेंड्याखाली, आणि त्यांच्या घरातलं त्यांनी कसं सोडवायचं ते त्या बायका ठरवतायत, मी बाहेरून काय बोलणार.

काठीचं सांगते, मला ते फार आवडतं. हिकरीचं झाड निवडून पाडतात, ओंडका करवतीने कापत नाहीत तर पाचर ठोकून फाडतात म्हणजे लाकडाचा रेषा सरळ टोकापर्यंत अखंड राहतो. मग ती फळी वाफवायची, टोक हळूहळू वाकवायचं, तारेने बांधून ठेवायचं आणि महिनोन्महिने सुकू द्यायचं. घाई केली की तडा जातो. मग तासायची, मग कातड्याच्या वाद्या आणि आतड्याच्या दोऱ्या ओवून झोळी विणायची. ऑनोंडागामध्ये अल्फ जॅक्स म्हणून कारागीर होते, वडिलांबरोबर लहानपणापासून काठ्या करायला लागले, २०२३ ला गेले. १९७० च्या आसपास प्लॅस्टिकच्या डोक्याच्या काठ्या बाजारात आल्या आणि वर्षाला हजारो लाकडी काठ्या करणारी त्यांची शेड बघता बघता रिकामी झाली. तरी त्यांनी काम सोडलं नाही, कारण औषधाच्या खेळाला लाकडीच लागते.

हे ऐकल्यावर अण्णा म्हणाले, अगं मग हे तालमीसारखंच झालं की. आत शिरताना मारुतीला नमस्कार, माती कपाळाला, त्या मातीत ताक, हळद, तेल घालून ती पोसायची, आणि पैलवान काय नुसता पैशासाठी अंग झिजवतो का. नंतर मॅट आली, ऑलिम्पिकला मॅटच लागते, मॅटवर गेलंच पाहिजे, पण मातीला पाय लावल्याशिवाय पोरगं घडत नाही. मला वाटतं त्यांना जे एका वाक्यात कळलं ते मला चार-पाच लेख वाचून कळलं नव्हतं. लाइल शनिवारी रात्री प्लॅस्टिकची काठी घेऊन मोठ्याने लावलेल्या गाण्यांमध्ये, बिअरच्या जाहिरातींखाली खेळतो, तो त्याचा मॅटवरचा खेळ. आणि तो जसा खेळतो, म्हणजे ते थांबणं, ती न बघता दिलेली पास, मार खाऊनही हात न उगारणं, ते मातीतून आलंय. एनएलएलने त्याला खिलाडूपणाचा पुरस्कार इतक्यांदा दिलाय की आता दर वर्षी तोच असेल असं गृहीत धरतात.

२०१७ ला तो एनएलएलचा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू झाला आणि स्वॉर्म चॅम्पियन झाली, तो सीझन ह्या भागातल्या लोकांना अजून आठवतो. फायनल सास्कॅचेवान रशविरुद्ध. स्वॉर्मकडून लाइल, माइल्स, जेरोम आणि समोरच्या टीममध्ये थोरला जेरेमी. ओव्हरटाइममध्ये माइल्सने गोल मारला आणि संपलं. तीन भाऊ नाचतायत आणि चौथा हरलेल्यांच्या रांगेत उभा, मग हस्तांदोलनाची रांग पुढे सरकत आली आणि चौघं एकमेकांना भेटले. त्यांच्या आईने त्या रात्री कोणासाठी टाळ्या वाजवल्या असतील?

आणि मग जानेवारी २०१९. फिलाडेल्फियाला मॅच होती, तिथल्या अरीनामधला निवेदक माइकवरून, हजारो लोकांसमोर, लाइलची वेणी कापून टाका अशा अर्थाचं बोलला. लोकांमधूनही तसलेच आवाज येत होते. लाइलने नंतर ट्विटरवर ते सांगितलं. निवेदकाला काढलं, लीगने, टीमने माफी मागितली. बऱ्याच जणांना वाटलं, केसांवरून एवढं काय. पण ह्या लोकांच्या आजी-आजोबांना लहानपणी घरातून उचलून बोर्डिंग शाळांत नेलं होतं, अमेरिकेत पण आणि कॅनडात पण, आणि तिथे पोचल्यावर पहिलं काम काय तर वेणी कापणं, दुसरं भाषा बंद. ही काही फार जुनी गोष्ट नाही, त्यातली माणसं अजून जिवंत आहेत. त्यामुळे ते वाक्य ज्याच्या कानावर पडलं तो पंचविशीतला मुलगा नुसता एक खेळाडू म्हणून ते ऐकत नव्हता. मी तेव्हा माझ्या मुलाला बसवून हे सगळं समजावलं, कारण त्याच्या शाळेतही नावावरून, डब्यावरून पोरं बोलतात आणि आपण "जाऊ दे" म्हणतो. लाइलने जाऊ दिलं नाही, आणि आवाजही चढवला नाही. पुढच्या मॅचला तो आला, वेणी तशीच.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईत, बीकेसीला, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन झालं आणि तिथे १६ तारखेला २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी पाच खेळ मंजूर झाले. भारतात बातमी एकच होती, क्रिकेट आलं. साहजिक आहे, मलाही आनंद झाला. पण त्याच मतदानात लॅक्रॉसही आलं, १९०४ आणि १९०८ नंतर पहिल्यांदा पदकाचा खेळ म्हणून. सिक्सेस नावाच्या छोट्या प्रकारात, सहा-सहा जण, तीस सेकंदांचं शॉट क्लॉक, म्हणजे बॉक्स आणि फील्डच्या मधलं काहीतरी. लाइलसाठीच कोणी बनवलाय असं वाटावं असा प्रकार.

फक्त लाइलचा संघ त्यात नाही. हॉडेनोशॉनी १९९० पासून वर्ल्ड चॅम्पियनशिप खेळतायत, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या जांभळ्या झेंड्याखाली. २०१४ ला डेन्व्हरमध्ये ऑस्ट्रेलियाला हरवून पहिलं ब्राँझ, मग २०१८ ला नेतान्यामध्ये परत ब्राँझ, २०२३ ला सॅन डिएगोत परत. म्हणजे अमेरिका आणि कॅनडा सोडले तर जगात त्यांच्यापुढे कोणी नाही. पण ऑलिम्पिकला संघ पाठवायला राष्ट्रीय ऑलिम्पिक समिती लागते, आणि समितीला मान्यता मिळायला आंतरराष्ट्रीय समुदायाने मानलेला स्वतंत्र देश लागतो. हाँगकाँग, पोर्टो रिको, ग्वाम ह्यांना मान्यता आहे कारण ती हा नियम कडक व्हायच्या आधीची आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन स्वतः म्हणाले की हॉडेनोशॉनींना त्यांच्या झेंड्याखाली खेळू द्या. ऑलिम्पिक समितीचं उत्तर तेच, नियमात बसत नाही, खेळाडूंनी वाटल्यास अमेरिकेकडून किंवा कॅनडाकडून खेळावं. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिम्पिकला मोहॉक खेळाडूंच्या संघाने ब्राँझ मिळवलं होतं, ते रेकॉर्डमध्ये कॅनडाच्या नावावर आहे.

मला हे चुकीचं वाटतं आणि मी ते स्पष्टच लिहिते. नियम मला कळतो, एकाला दिलं की दुसरा उभा राहील ही भीतीही कळते. पण एखादा खेळ उचलून आणायचा, त्याच्या सुरुवातीची कथा उद्घाटनाच्या कार्यक्रमात रंगवून सांगायची, आणि ज्यांनी तो दिला त्यांना दारात कागद विचारायचे, हे कोणत्याही नियमाने शोभत नाही. रस्ता निघू शकतो. निर्वासितांचा संघ २०१६ पासून खेळतोच आहे, त्यालाही कुठल्या देशाची समिती नाही. २०२२ च्या वर्ल्ड गेम्सच्या, म्हणजे ऑलिम्पिकमध्ये नसलेल्या खेळांच्या स्पर्धेच्या वेळी असाच घोळ झाला होता, हॉडेनोशॉनींना आधी वगळलं, मग आयर्लंडच्या संघाने आपली जागा सोडून त्यांना दिली. आयर्लंडच्या त्या पोरांना कोणी सांगितलं नव्हतं असं करायला.

हे मी घरी सांगत होते तेव्हा मुलगा म्हणाला, "मग लाइलने यूएसकडून खेळावं ना, त्याला तर कोणीही घेईल." सरळ प्रश्न होता. त्याच्या जागी बसून बघितलं तर बरोबरच, २०२८ च्या जुलैत लाइल पस्तिशीत असेल, परत कधी संधी येणार.

म्हणून मग मी त्याला २०१० चं सांगितलं. त्या वर्षी मँचेस्टरला वर्ल्ड चॅम्पियनशिप होती आणि हॉडेनोशॉनी जगात चौथ्या क्रमांकावर होते. ते स्वतःच्या पासपोर्टवर प्रवास करतात, हे काही हल्लीचं खूळ नाही, १९२३ ला त्यांचा प्रमुख देस्काहे असाच पासपोर्ट घेऊन जिनिव्हाला लीग ऑफ नेशन्सपुढे आपलं म्हणणं मांडायला गेला होता. २०१० ला मात्र नव्या सुरक्षा नियमांत हे पासपोर्ट बसेनात. संघ न्यूयॉर्कमध्ये हॉटेलात अडकून पडला, दिवसाला हजारो डॉलर खर्च, सिनेमा दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनने ५०,००० डॉलर दिले. अमेरिकेचा पासपोर्ट लगेच काढून देतो असं त्यांना सांगितलं गेलं, कितीतरी जणांना तो सहज मिळाला असता. त्यांनी घेतला नाही. मग हिलरी क्लिंटन परराष्ट्रमंत्री होत्या, त्यांनी एकवेळची सूट दिली, तर ब्रिटनने व्हिसा नाकारला. इंग्लंडविरुद्धची पहिली मॅच बुडाली, मग पुढचीही, आणि सगळा संघ काठ्या घेऊन घरी परतला. खेळायला गेलेली ती पोरं, त्यातल्या काहींचं ऐन वय, एक अख्खी वर्ल्ड चॅम्पियनशिप त्यांनी न खेळता सोडली. लाइल तेव्हा सतरा वर्षांचा होता.

मुलगा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की मग आपण २०२८ ला लॉस एंजेलिसला जायचं का. पुरुषांचे सहाच संघ असणार आहेत. हॉडेनोशॉनी त्यात असतील तर तिकिटं काढू, अण्णांनाही बोलावून घेऊ, असं आमचं ठरलंय. नसतील तर ते पैसे थॉम्पसन भावांच्या कॅम्पकडे पाठवायचे, हेही त्यानेच सुचवलं.